गोव्यात घरी किट विमानाचं वर्कशॉप लावायचंय? आधी खोली सुकी करा

किट विमान, म्हणजे कंपनीकडून सुटे भाग मागवून स्वतः जोडायचं विमान, घरी बांधायचं मनात आलं की बहुतेक जण पहिल्यांदा टूल्सच्या याद्या काढून बसतात. कुठली रिव्हेट गन, किती क्लेको (रिव्हेट बसेपर्यंत पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे छोटे क्लॅम्प), कुठला कॉम्प्रेसर. ते सगळं लागणारच आहे, पण तुम्ही गोव्यात राहत असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी खोली सुकी करा, मग टेबल, मग हवा आणि टूल्स, आणि किट सगळ्यात शेवटी मागवा. इथे वर्षाला जवळपास ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, वर समुद्राची खारी हवा, त्यामुळे थंड कोरड्या देशातल्या माणसांनी लिहिलेले सल्ले जसेच्या तसे उचलले तर पहिल्याच पावसाळ्यात टूल्सना गंज आणि पत्र्याला पांढरी भुकटी धरलेली दिसेल.

मी इथे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, रिव्हेट (पत्रे कायमचे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) मारून बांधायचं विमान धरून लिहितोय, म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या व्हॅन्सची आरव्ही मालिका किंवा झेनिथची सीएच ७५० वगैरे. फायबर आणि इपॉक्सीचं किट गोव्यात पहिल्या विमानासाठी मी कुणाला सुचवणार नाही. दमट हवेत इपॉक्सी वाळताना वर तेलकट मेणचट थर येतो, तो धुऊन घासून काढल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही, आणि हा त्रास इथे वर्षातले कितीतरी महिने राहणार. पत्र्याच्या विमानात पण दोन प्रकार. आरव्ही-१२ आणि झेनिथमध्ये मुख्यतः पॉप रिव्हेट असतात, एका बाजूने ओढून बसवायचे, एकटा माणूस करू शकतो, आवाज कमी, टूल्स कमी. आरव्ही-७, आरव्ही-१४ यांना ठोकायचे भरीव रिव्हेट, त्याला गन, मागे धरायचा बकिंग बार आणि पुष्कळदा दुसरा माणूस लागतो. कुठलं घ्यायचं ते आधी ठरवा कारण पुढचं अर्धं वर्कशॉप त्यावर अवलंबून आहे.

कागदपत्रांचं आत्ताच सांगतो, नंतर राहून जातं. विमान घरी बांधलं तरी नोंदणी आणि उडवायची परवानगी डीजीसीएकडूनच, म्हणजे केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडूनच, घ्यावी लागते, त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्यांच्याशी लेखी पत्रव्यवहार सुरू करा, कुठलं किट, कुठलं इंजिन, तपासणी कोण करणार, कुठल्या टप्प्यावर करणार, सगळं विचारून घ्या आणि उत्तरं फाईलला लावा. कांदिवलीच्या चारकोपमध्ये बिल्डिंगच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि पर्मिट टू फ्लाय, म्हणजे उडवायची परवानगी, २०१९ मध्ये मिळालं. बांधकामाइतकाच कागदाला पण वेळ लागतो हे मनाशी धरूनच उतरा. पहिल्या दिवसापासून एक लॉगबुक ठेवा, तारीख, काम, फोटो, आणि फोटोत कधीतरी तुम्ही स्वतः पण दिसायला पाहिजे, म्हणजे काम कुणी केलं हा प्रश्न उरत नाही.

आता जागा. दोन गाड्यांचं गॅरेज, म्हणजे साधारण २० बाय २० फूट, मिळालं तर उत्तम. एका गाडीच्या जागेत पण होतं, फक्त तयार झालेली शेपटी आणि पंख ठेवायला घरात दुसरीकडे सोय पाहिजे. आरव्ही-७ चं उदाहरण घेतलं तर पंखांचा एकूण पसारा २५ फूट आणि लांबी २० फुटांच्या वर, पण पंख एकेक करून बनतात त्यामुळे एका वेळी १२-१३ फुटांच्या वर काही टेबलावर नसतं. फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या मधल्या धडाला, मात्र आडवी लांब जागा लागते.

गोव्यात जुन्या घरांना मागे मांगर असतो, पूर्वी गुरं, लाकडं, नारळ ठेवायला वापरायचे, आता बहुतेक ठिकाणी रिकामाच पडलेला असतो. माझं काम तसल्याच मांगरात चालतं आणि मला ती जागा सगळ्यात सोयीची वाटते, घराला लागून आहे, जेवून उठलं की दोन मिनिटात कामाला लागता येतं, रोज तासभर तरी हात लागतो. किट विमान हे हजार-दोन हजार तासांचं काम आहे, ते रोजच्या तासा-दीडतासानेच पुढे सरकतं, औद्योगिक वसाहतीत शेड भाड्याने घेतलात तर आठवड्यातून एकदाच जाणं होणार.

घरातली मोठी साल किंवा हॉल घ्यायचा विचार असेल तर चवथीचा विचार आधी करा. गणपती तिथेच बसणार, माटोळी तिथेच बांधणार, मुंबई-पुण्याहून सगळं कुटुंब तिथेच उतरणार, आणि अर्धवट क्लेको लावलेला पंख त्या वेळी उचलून कुठे नेणार? मांगर नसेल आणि नवीन शेड घालणार असाल तर पंचायतीची परवानगी घ्या, आणि माडाखाली शेड अजिबात नको, नारळ सोडाच, एक सुकी झावळ पडली तरी पत्रे फुटतात.

दार मोजा. दार मोजा म्हणजे नुसती रुंदी नाही, फ्यूजलाजला लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) लावल्यावरची रुंदी आणि उंची ड्रॉइंगमधून काढा, मग दाराशी ताडून बघा, मग दारासमोरचं तुळशीवृंदावन, कुंपणाचं वळण आणि गाडी येते तो रस्ता. शेवटी ते विमान ट्रकवर चढून विमानतळाकडे जायचंय. दाबोळीचा तळ नौदलाचा आहे, मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे पण तो मोठ्या प्रवासी विमानांचा, तेव्हा शेवटची जोडणी आणि पहिलं उड्डाण कुठे करणार हे आधीच विचारून घेतलेलं बरं, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव कुठेही असो. कोल्हापूर-बेळगाव म्हटलं की घाट आला, ट्रकची लांबी त्या वळणांना चालली पाहिजे.

खोली सुकी करणं

इथे मी जास्त लिहिणार आहे कारण गोव्यात हेच खरं काम आहे.

विमानाचा पत्रा बहुतेक २०२४-टी३ अलक्लॅड असतो. म्हणजे आत तांबं मिसळलेला ताकदवान मिश्रधातू, आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर, पातळ पत्र्यात एका बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के. गंजापासून वाचवतो तो हा थर. खोल ओरखडा गेला की आतला धातू उघडा पडतो आणि तो खाऱ्या हवेत भराभर खराब होतो. दोन पत्रे एकमेकांवर चिकटून ठेवले आणि मधे ओल शिरली तर ती बाहेर निघत नाही, तिथेच पांढरे डाग सुरू होतात. पॅकिंगचा ओला कागद पत्र्याला लागून राहिला तरी तेच.

म्हणून सुरुवात छपरापासून. कौलारू असेल तर पावसाच्या आधी कौलं चाळून घ्या, माकडं उड्या मारतात त्या बाजूची तर नक्की, आणि आतून फॉल्स सीलिंग किंवा निदान जाड प्लास्टिक ताणून बसवा, कौलांतून वर्षभर बारीक धूळ पडत असते. चिऱ्याची भिंत उघडी असेल तर तिला गिलावा करून रंग द्या. चिऱ्याची तांबडी माती बोटाला लागते तशीच ती पत्र्यावर बसते आणि दोन पत्र्यांच्या मधे एक कण राहिला की ओरखडा ठरलेला. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात आपण घराला झड (पावसाचा आडोसा) बांधतो तशी इथे पण बांधा, झावळांची असो की प्लास्टिकची. जमीन कोब्याची असेल तर ओल खालून चढते का ते बघायला एक सोपी परीक्षा आहे, दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून जमिनीवर चिकटवा, दुसऱ्या दिवशी खालून थेंब दिसले तर ओल खालून येतेय. मग वॉटरप्रूफिंग करूनच पुढे जा.

नंतर एक हायग्रोमीटर आणा, काहीशे रुपयांत मिळतो, भिंतीला लावा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवा. जुलैत आपल्याकडे बाहेर ८५-९० टक्के दमटपणा सहज असतो, खोलीत तो ५०-६० वर आणायचाय. फटी बुजवून, दारं-खिडक्या नीट लागतील अशा करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावा, किंवा दीड टनाचा एसी, पण एसी बंद केल्यावर आकडा परत चढतो हे लक्षात ठेवा, डीह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवता येतो. वीजबिल वाढेल. तो खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरा, एका टूलमध्ये काटकसर केली तरी चालेल पण इथे नको.

एक पूर्ण पावसाळा ह्या खोलीने सांभाळून दाखवला, म्हणजे आत ठेवलेली एक चकचकीत लोखंडी पट्टी सप्टेंबरला तशीच निघाली, की मग किट मागवायला हरकत नाही. हे ऐकून उतावीळ माणसाचा जीव खालीवर होतो, पण तेवढ्या वेळात टेबलं, टूल्स आणि सराव सगळं होतं.

वीज आणि उजेड

कॉम्प्रेसर आणि डीह्युमिडिफायरला वेगवेगळे १५ अॅम्पिअरचे पॉइंट, वेगळे एमसीबी, आणि आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) लावलेलाच पाहिजे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. पावसात करंट जा-ये करतो, व्होल्टेज पडतं, कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसरची मोटर गरम होऊन जळते, त्यामुळे व्होल्टेज पडल्यावर आपोआप तोडणारा प्रोटेक्टर बसवा. उजेड भरपूर, पांढऱ्या एलईडी ट्यूब छताला, आणि त्याशिवाय हातात फिरवता येईल असा एक दिवा. पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड मारला की समोरून न दिसणारा पोचा, ओरखडा, नीट न बसलेलं रिव्हेटचं डोकं सगळं दिसतं.

टेबल

दोन टेबलं करा, प्रत्येकी साधारण २ बाय ५ फूट, वेगवेगळी वापरता येतात आणि जोडून एक लांब पण होतं. उंची तुमच्या कोपराच्या जरा खाली, नाहीतर पाठ जाते. वरचा भाग १९ मिमीचा आयएस ७१० मार्काचा मरीन प्लाय. पाय लाकडाचे नको, वाळवी इथे कुठून वर चढेल सांगता येत नाही, एमएस अँगलचे वेल्ड करून घ्या आणि प्रायमर मारून रंगवा. टेबल सपाट असणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वाकड्या टेबलावर रिव्हेट मारलेला भाग पिळवटलेलाच तयार होतो आणि एकदा रिव्हेट बसले की तो पीळ निघत नाही. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, चारी कोपरे तिने मिळवा, पायाखाली बोल्टचे अॅडजस्टर असले की काम सोपं होतं. वर जुना स्वच्छ कार्पेट टाका, पण काम सुरू करायच्या आधी रोज झटका, त्यात अडकलेला ड्रिलचा चुरा पत्र्याला कापतो.

हवा

ठोकायच्या रिव्हेटसाठी २ एचपीचा, १०० लिटरच्या वर टाकी असलेला कॉम्प्रेसर घरगुती कामाला पुरतो. फक्त पॉप रिव्हेटचं किट असेल तर लहान चालेल. त्याला खोलीच्या बाहेर पडवीत जाळीत ठेवा, आवाज बाहेर राहतो.

दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत उतरतं, आणि आपल्या हवेत ते किती असतं ह्याचा नवीन माणसाला अंदाज नसतो. मिनिटाला २०० लिटर हवा घेणारा कॉम्प्रेसर पावसाळी हवेत सलग तासभर चालला तर पाव लिटरच्या आसपास पाणी निघतं. ते पाणी गनमध्ये गेलं की गन गंजते, प्रायमरच्या स्प्रेमध्ये गेलं की रंगाला डोळे (बारीक गोल खळगे) पडतात. त्यामुळे रोज काम संपलं की टाकीचा खालचा कॉक उघडा, लाईनला पाणी पकडणारा फिल्टर लावा आणि पाईप कॉम्प्रेसरकडे उतार ठेवून टाका. पाईप पीव्हीसीचा अजिबात नको, प्लंबर सुचवतील, स्वस्त पण आहे, पण दाबाखाली तो फुटला तर तुकडे उडून डोळ्यात जातात. चांगल्या प्रेशरचा रबरी किंवा पीयू होज वापरा.

टूल्स

विमानाच्या रिव्हेटचं मोजमाप इंचात असतं आणि ते एकदा समजलं की पुढचं सोपं. एएन४७० म्हणजे गोल डोक्याचा, एएन४२६ म्हणजे पत्र्याबरोबर सपाट बसणारा. एएन४७०एडी४-४ मधला पहिला ४ म्हणजे ४/३२ इंच जाडी, दुसरा ४ म्हणजे ४/१६ इंच लांबी. ३/३२ च्या रिव्हेटला ४० नंबरचा ड्रिल आणि चंदेरी क्लेको, १/८ च्या रिव्हेटला ३० नंबरचा ड्रिल आणि तांब्याच्या रंगाचा क्लेको. मडगाव-म्हापशाच्या हार्डवेअरच्या दुकानात ड्रिल मिलिमीटरमध्ये मिळतात. ४० नंबरला अडीच मिमीचा जवळजवळ जुळतो, पण ३० नंबर ३.२६ मिमी आहे, ३.२ लहान पडतो आणि ३.३ मोठा, त्यामुळे नंबरचे ड्रिल विमानाच्या टूल्सवाल्यांकडूनच मागवा. क्लेको काहीशे लागतात, कमी घेऊ नका.

बाकी हवेवर चालणारा ड्रिल, बर (ड्रिलच्या भोकाच्या कडेला राहणारी धारदार किनार) काढायचं टूल, रिव्हेट दाबून बसवायचा हाताचा स्क्वीझर, सपाट डोक्याच्या रिव्हेटसाठी पत्र्यात खळगा पाडणारी डिंपल डाय, चांगली कात्री, व्हाइस, आणि इंच-पाउंडमध्ये मोजणारा लहान टॉर्क रेंच, कारण ३/१६ च्या एएन३ बोल्टला फक्त २०-२५ इंच-पाउंड लावायचे असतात, गाडीचा मोठा रेंच तिथे काही कामाचा नाही. लोखंडाला वापरलेली कानस आणि वायर ब्रश अॅल्युमिनियमला लावू नका, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज धरतो, त्यामुळे दोन वेगळे डबे करा, लाल लोखंडाचा, निळा अॅल्युमिनियमचा. बेंच ग्राइंडरच्या दगडावर अॅल्युमिनियम घासू नका, दगड भरून फुटू शकतो. आणि पत्र्यावर खुणा पेन्सिलने कधीच नाही, तिच्यातल्या ग्रॅफाइटमुळे त्या रेषेवर गंज पकडतो. बारीक मार्कर पेन वापरा.

लोखंडी टूल्स पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात, सोबत सिलिका जेल. कानाला मफ, डोळ्याला गॉगल, प्रायमर मारताना कार्ट्रिजवाला मास्क, झिंक क्रोमेटमध्ये कॅन्सर करणारं क्रोमियम असतं म्हणून मी इपॉक्सी प्रायमरच घ्या म्हणेन, मास्क त्याला पण लागतोच. प्रायमर ऑक्टोबर ते मे मध्येच मारा, डब्यावर दमटपणाची मर्यादा लिहिलेली असते.

सराव, आणि मग किट

सरावाचं लहान किट मिळतं, ते आधी मागवा. भंगार पत्र्यावर रिव्हेट मारा, मोजा, ड्रिल करून काढा, परत मारा. चांगल्या रिव्हेटची ओळख मागच्या बाजूला असते. तिथे ठोकून बनलेलं डोकं रुंदीला मूळ जाडीच्या दीडपट आणि उंचीला निम्मं हवं, म्हणजे १/८ च्या रिव्हेटला साधारण ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच. ठोकायच्या आधी रिव्हेट पत्र्याच्या बाहेर जाडीच्या दीडपट आला पाहिजे. गन ३५-४० पीएसआयवर सुरू करा, गन आणि पत्रा यांचा काटकोन धरा, बकिंग बार मागे घट्ट, ट्रिगर दाबून दोनतीन सेकंदात संपलं पाहिजे, जास्त वेळ ठोकत बसलात तर रिव्हेट कडक होतो आणि तडकतो. जमेपर्यंत विमानाच्या भागाला हात लावू नका. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, उघड्यावर मोठमोठी विमानं उभी आहेत, तिथे एक सकाळ काढा आणि पत्र्याच्या अगदी जवळ उभं राहून रिव्हेटच्या रांगा बघा, कुठे गोल डोकी आहेत, कुठे सपाट, सांधा कसा घेतलाय, ड्रॉइंगमध्ये न समजणारं तिथे समजतं.

गनचा आवाज वाड्यावर सगळीकडे जातो. दुपारी एक ते चार लोक झोपतात, त्या वेळेत गन नाही, रात्री आठनंतर पण नाही. त्या वेळात बर काढायची, ड्रॉइंग वाचायचं, लॉगबुक लिहायचं. शेजारच्यांना एकदा आत बोलावून काय चाललंय ते दाखवा, नंतर तेच बकिंग बार धरायला येतात.

किट ऑक्टोबरनंतर पोचेल असं मागवा. पहिल्यांदा फक्त शेपटीचं. खोकं आल्या दिवशीच उघडा, यादीशी प्रत्येक भाग ताडा, पॅकिंगचा कागद सगळा काढून टाका, पत्रे उभे, मधे अंतर ठेवून रॅकमध्ये लावा. पत्र्यावर निळं प्लास्टिक चिकटवलेलं येतं. ओरखड्यापासून ते वाचवतं म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवायचा मोह होतो, पण जुनं झालं की निघता निघत नाही आणि आपल्या हवेत त्याच्याखाली ओल धरते. सोल्डरिंग आयर्नचं टोक कानशीने गोल गुळगुळीत करून घ्या, रिव्हेटच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना पट्टी धरून हलकेच फिरवा, प्लास्टिक वितळून रेघ पडते आणि मधली फीत सोलून निघते, पत्र्याला धक्का लागत नाही. ब्लेडने कापू नका. भाग तयार होऊन प्रायमर झाला की उरलेलं पण काढा.

तयार झालेले भाग भिंतीला, जाड पट्ट्यांच्या झुल्यात टांगा, जमिनीला टेकवू नका. आणि प्रत्येक उघडी नळी, पिटो (वेग मोजायला पुढून हवा घेणारी नळी), इंधनाची लाईन, टाकीचं व्हेंट, सगळ्याला त्याच दिवशी प्लास्टिकची टोपी घाला. कुंभारमाशी मातीचं घर बांधायला अशीच भोकं शोधत असते, खोली कितीही बंद असली तरी ती शिरते, आणि नळीच्या आत खोलवर वाळलेली माती बाहेरून दिसत नाही. टोप्यांना लाल रिबन लावा आणि कुठल्या नळीवर किती टोप्या आहेत ते लॉगबुकात लिहून ठेवा, शेवटी काढताना त्याच यादीवर खूण करत काढायच्या.